परदेशी माल आणि फॉरवर्डरचे काम



मागच्या गट-बैठकीत लासूर स्टेशनच्या एका जुन्या सभासदाने उठून सरळ विचारले, "साहेब, साखर आपली, ट्रक भाड्याचा, जहाज परक्याचे. मग मधे हा फॉरवर्डिंगवाला कोण? अन् त्याचे पैसे शेवटी कोणाच्या बिलातून जातात?"

प्रश्न रास्त होता. वेळ कमी असल्याने मी उत्तर अर्धवट दिले. राहिलेले उत्तर या लेखात देतो. शेतकी खात्याने हा विषय का काढावा, असे कोणी म्हणेल. त्याची कारणे दोन. परदेशी गेलेल्या साखरेचा खर्च शेवटी ऊसबिलाशी येऊन भिडतो, हे पहिले. दुसरे असे की, आपल्या बऱ्याच सभासदांकडे उसाच्या जोडीला कांदा, आले, डाळिंब आहे आणि घरातली शिकलेली मुले "आपणच एक्स्पोर्ट करू" असे म्हणू लागली आहेत. म्हणू देत. पण आधी हे काम समजून घ्यावे.

मनमाडचा फलाट

आपल्या गावाच्या नावात स्टेशन आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज लाईन पडली आणि लासूरला आगगाडी आली. पण मनमाडहून मुंबईला जाणारी लाईन ब्रॉडगेज. रुळांतले अंतरच वेगळे, म्हणून आपल्याकडची वाघीण पुढे जाऊ शकत नसे. कापसाची गाठ असो की धान्याचे पोते, मनमाडला छोट्या वाघिणीतून उतरवायचे अन् मोठ्या वाघिणीत चढवायचे. १९९० नंतर आपली लाईन रुंद झाली आणि ते काम संपले.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ठाऊक आहे की, माल चालत्या गाडीत अडकत नसे. जिथे गाडी बदलायची तिथे अडकायचा. कधी हमाल नाहीत, कधी वाघीण रिकामी नाही, तर कधी पावतीवरचा आकडा जुळत नाही. तिथे ज्याचा माणूस उभा असेल त्याचा माल आधी निघायचा.

परदेशी जाणाऱ्या मालाच्या वाटेत अशी पाच-सहा मनमाडे असतात. गोदामातून ट्रक, ट्रकमधून बंदराचे यार्ड, यार्डातून कस्टमची तपासणी, तिथून जहाज, कधी वाटेत कोलंबो किंवा सिंगापूरला दुसरे जहाज, मग समोरच्या देशाचे बंदर आणि पुन्हा तिथले कस्टम. या प्रत्येक ठिकाणी आपल्या वतीने माणूस उभा ठेवणारा तो फॉरवर्डर. त्याचे स्वतःचे जहाज नसते, बहुधा ट्रकही नसतो. तो माल वाहत नाही, माल हलता ठेवतो.

चार माणसे वेगळी ओळखा

आपल्या तोडणीत मुकादम वेगळा, वाहतूकदार वेगळा, चिटबॉय वेगळा. एकाचे काम दुसऱ्याला सांगून चालत नाही. तसेच इथेही आहे.

ट्रान्सपोर्टवाला गोदामापासून बंदरापर्यंत गाडी नेतो. त्याची जबाबदारी बंदराच्या फाटकाशी संपते.

कस्टम ब्रोकर कस्टमपुढे आपली कागदपत्रे दाखल करतो. पूर्वी याला कस्टम हाऊस एजंट म्हणत, अजूनही बरेच जण 'सीएचए' म्हणतात. त्याला कस्टम खात्याचा परवाना लागतो.

शिपिंग लाईन म्हणजे जहाज कंपनी. जहाज तिचे आणि बहुतेक वेळा रिकामा कंटेनरही तिचाच.

फॉरवर्डर या तिघांना एका वेळापत्रकात बसवतो. जागा धरतो, भाडे ठरवतो, कागद जुळवतो, विमा सुचवतो, तारखा सांभाळतो. काही फॉरवर्डरांकडे कस्टमचा परवानाही असतो, मग दोन्ही कामे एकाच ऑफिसात होतात. पण कामे दोन आहेत हे विसरू नये.

एका कंटेनरचा प्रवास

आता साखरेचा एक कंटेनर घेऊ. २० फुटी कंटेनरमध्ये ५० किलोची पोती भरली तर साधारण २६ ते २७ टन साखर बसते.

१. जागा धरणे. फॉरवर्डर जहाज कंपनीकडे जागा मागतो. आपल्याकडे तोडणी प्रोग्रामला नंबर लागतो, तसा इथेही लागतो. प्रत्येक जहाजाची शेवटची वेळ ठरलेली असते. त्या वेळेच्या आत भरलेला कंटेनर फाटकात आणि कागद ऑनलाईन पोचले पाहिजेत. चुकले की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो. कधी जहाजच भरते आणि आपली चूक नसताना कंटेनर मागे राहतो. अशा वेळी चांगला फॉरवर्डर दुसऱ्या लाईनकडे जागा शोधतो. नवखा फोन उचलत नाही.

२. रिकामा कंटेनर तपासणे. हे काम साधे आहे, पण माल वाचवते. आत उभे राहून दोन्ही दारे लावून घ्यावीत. कुठून उजेड दिसला तर तिथे भोक आहे, म्हणजे तिथून पाणी येणार. मग वास घ्यावा. आधीच्या खेपेला त्यात खत किंवा औषध गेले असेल तर साखर तो वास धरते. तिसरी गोष्ट ओल. उष्ण हवेतून जहाज थंड हवेत गेले की कंटेनरच्या छताला आतून घाम सुटतो आणि थेंब पोत्यांवर पडतात. म्हणून आत जाड कागद लावतात आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. बियाण्याची जेवढी काळजी आपण घेतो तेवढीच.

३. भराई, सील आणि वजन. कारखान्याच्या गोदामातच भराई करून निर्यातदार स्वतः सील लावू शकतो. २०१७ पासून त्यासाठी इलेक्ट्रॉनिक सील आले आहे. वजनाचा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर लागू आहे. भरलेल्या कंटेनरचे खात्रीचे वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. आपण भरलेली गाडी अन् रिकामी गाडी काट्यावर घेतो, इथे कंटेनरचे स्वतःचे वजनही धरावे लागते. कारण उघड आहे. खोटी वजने एकावर एक रचली गेली तर जहाजाचा तोल जातो.

४. कागद. निर्यातदाराकडे आयात-निर्यात क्रमांक हवा. त्याच्या बँकेचा एडी कोड त्या बंदराच्या कस्टममध्ये नोंदलेला हवा. बीजक आणि पोत्यांची यादी हवी. जीएसटी न भरता माल पाठवायचा तर हमीपत्र हवे. कांदा, आले, फळे असतील तर कीड-रोग नसल्याचा फायटोसॅनिटरी दाखला हवा. लाकडी फळ्या-पॅलेट वापरले तर त्यांवर प्रक्रिया केल्याचा शिक्का हवा.

५. कस्टम. ब्रोकर शिपिंग बिल दाखल करतो. हे बिल पैशाचे नाही. माल बाहेर नेण्यासाठी सरकारकडे केलेला तो अर्ज आहे. तपासणी होऊन निर्यातीची परवानगी मिळाली की कंटेनर जहाजाच्या रांगेत जातो. आपला बहुतेक माल न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून जातो. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. लासूर परिसरातून ते सुमारे तीनशे किलोमीटर पडते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये आमणेपर्यंत पूर्ण खुला झाल्यापासून रस्त्याचा वेळ वाचतो. पण रस्त्यावर वाचलेले चार तास एका चुकीच्या कागदापायी चार दिवसांनी परत जातात.

कागदांतला सातबारा

माल जहाजावर चढला की बिल ऑफ लेडिंग नावाचा कागद मिळतो. हा एकच कागद तीन कामे करतो. माल मिळाल्याची पावती तो, वाहतुकीचा करार तो आणि मालावरचा हक्कही तोच. वखारीची पावती ज्याच्या हाती त्याला माल सोडवता येतो, तसेच हे. समोरच्या बंदरात मूळ बिल दाखवल्याशिवाय मालाचा ताबा मिळत नाही. म्हणून पैसे मिळण्याची खात्री झाल्याशिवाय मूळ बिल हातातून सोडू नये. सोडले की माल गेला. पैसे मात्र खरेदीदाराच्या मर्जीवर.

पैशाची खात्री बहुधा बँकेच्या पतपत्रातून होते. त्यातली मेख लक्षात घ्या. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. पतपत्रात लिहिलेले नाव, वजन, तारीख, बंदर आणि आपल्या कागदांतले तपशील तंतोतंत जुळले पाहिजेत. साखर उत्तम असली तरी कागदावर तारीख एक दिवस उशिराची असेल तर बँक पैसे अडवू शकते. फॉरवर्डरचा कारकून ही अक्षरे दोन-तीनदा वाचतो, त्याचा पगार आपल्याला महाग वाटतो. पण वाचण्याचे काम त्याने केले नाही तर किंमत आपण मोजतो.

आणखी एक फरक. फॉरवर्डर कधी नुसता आपला प्रतिनिधी म्हणून सही करतो, तर कधी सगळ्या प्रवासाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतो. अशी जबाबदारी घेणाऱ्यांसाठी १९९३ चा मल्टिमोडल वाहतुकीचा कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी करावी लागते. माल खराब झाला तर कोणाला धरायचे, ते या फरकावर ठरते. म्हणून सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे.

भाव कुठपर्यंतचा?

वेगवेगळे भाव ऐकून आपली मंडळी फसतात. एक कारखाना दरवाजा भाव, म्हणजे गोदामातून पुढचा सगळा खर्च घेणाऱ्याचा. दुसरा एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आपला. तिसरा सीआयएफ. यात जहाजभाडे आणि विमाही आपण भरतो. पण इथे गोम आहे. सीआयएफमध्ये खर्च समोरच्या बंदरापर्यंत आपला असला तरी मालाची जोखीम जहाजावर चढल्यावरच घेणाऱ्याकडे जाते. या शब्दांचे अर्थ आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ साली प्रथम ठरवून दिले, सध्याची आवृत्ती २०२० ची आहे. तेव्हा कोणी "परदेशात इतका भाव" असे सांगितले तर पहिला प्रश्न विचारावा: कुठपर्यंतचा?

थांबलेल्या कंटेनरचा मीटर

कंटेनर परत देण्याला आणि बंदरात ठेवण्याला काही दिवस मोफत असतात. ते संपले की रोजचे भाडे चालू होते. जहाज कंपनीचा कंटेनर अडकवून ठेवल्याचे ते डिटेन्शन आणि बंदरातल्या जागेचे ते डेमरेज. दोन्ही मीटर एकाच वेळी चालू शकतात.

एक हिशेब करून पाहू. समजा, दोन्ही मिळून दिवसाला ६ हजार रुपये लागतात आणि कंटेनर ५ दिवस थांबला. ३० हजार रुपये झाले. कंटेनरमध्ये २७ टन, म्हणजे २७० क्विंटल साखर. क्विंटलमागे १११ रुपये गेले. साखरेचा दाणा न बदलता अन् कोणी चोरी न करता हे पैसे गेले. वार्षिक अहवालात ते 'निर्यात खर्च' या एका ओळीत बसतात. सभासदांनी त्या ओळीवर बोट ठेवून तपशील मागावा. तो त्यांचा हक्क आहे.

आपल्याच भागातली गोष्ट

हे सारे मी पुस्तकातून शिकलो नाही. २०२३ साली आपल्या काही सभासदांच्या मुलांनी गट करून लाल कांद्याचे दोन कंटेनर परदेशी पाठवायचे ठरवले. पहिला एका निर्यातदार व्यापाऱ्याच्या नावावर नोव्हेंबरअखेर गेला. व्यवस्थित पोचला, पैसेही आले. पण व्यापाऱ्याचे कमिशन पोरांना सलले. दुसरा कंटेनर त्यांनी स्वतःच्या नावावर पाठवायचे ठरवले आणि सल्ला विचारायला माझ्याकडे आली. मी म्हणालो, "गाडीवाला ओळखीचा आहे, वर्षानुवर्षे बंदरावर जातो, तो सगळे बघून घेईल." ट्रान्सपोर्टवाला आणि फॉरवर्डर यांतला फरक तेव्हा मलाच कळत नव्हता.

सोमवारी, ४ डिसेंबरला कंटेनर बंदराजवळच्या यार्डात पोचला. तिथे कळले की गटाच्या बँकेचा एडी कोड या बंदरात नोंदलेलाच नाही. पहिल्या खेपेला व्यापाऱ्याच्या नावाने काम झाले होते, म्हणून हा प्रश्न आलाच नव्हता. कोड नाही म्हणून शिपिंग बिल दाखल होईना. पोरे बँकेत पळाली, बँकेचे पत्र आले, नोंदणीचा अर्ज गेला. आज होईल, उद्या होईल असे करता करता गुरुवार उजाडला. आणि ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांदा निर्यात बंद केली.

त्या आदेशात सवलत होती. ज्या मालाची जहाजात भराई सुरू झाली होती, ज्याचे शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदरात आले होते, किंवा जो माल कस्टमच्या ताब्यात देऊन त्यांच्या नोंदीत आला होता, तो जाऊ शकत होता. आमच्या पोरांचा कांदा बंदरापासून हाकेच्या अंतरावर होता. पण कोणत्याच नोंदीत नव्हता. शेजारच्याच रांगेतले दुसऱ्यांचे कंटेनर गेले, आमचा राहिला.

लाल कांदा टिकत नाही. थंड कंटेनरच्या विजेचे बिल, यार्डाचे भाडे, परतीचे गाडीभाडे झाले आणि कांदा वाशीच्या बाजारात विकावा लागला. बंदीमुळे भाव आधीच पडलेले. सगळे वजा जाता गोणी भरायची मजुरीसुद्धा निघाली नाही. पोरांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते जास्त लागले.

त्या व्यापाऱ्याचे कमिशन आम्हाला दिसत होते, त्याचे काम दिसत नव्हते. मधला माणूस काढू नये असे माझे म्हणणे नाही. जरूर काढावा. पण तो काय काय करत होता त्याची यादी आधी करावी आणि प्रत्येक कामापुढे आता ते कोण करणार त्याचे नाव लिहावे. एक जागा रिकामी राहिली तर गाडी तिथेच अडते.

पुढे ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान भाव लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते शून्य झाले. दीड वर्षात इतके फेरफार. असा फेरफार आला की त्याच दिवशी फोन करून सांगणे हेही फॉरवर्डरचे काम आहे.

साखरेचे काय?

साखरेची कथा वेगळी नाही. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. १ जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले. २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीचा कोटाच मिळाला नाही. २०२४-२५ साठी जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची परवानगी आली. म्हणजे दार उघडते ते थोडे आणि थोड्या दिवसांसाठी. अशा वेळी ज्याचे कागद, बारदान, गोदाम आणि फॉरवर्डर तयार असतो, तो भाव साधतो. बंदरापासून लांबच्या कारखान्यांना कोटा अदलाबदल करण्याचाही मार्ग असतो. तो घ्यायचा की नाही, हे ठरवतानाही बंदरापर्यंतच्या खर्चाचा हिशेबच लागतो.

समुद्रावरची परिस्थितीही बदलत असते. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपकडची बरीचशी जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-बारा दिवस वाढले, भाडे वाढले. २०२४ च्या हंगामात नाशिकच्या द्राक्षांना त्याची झळ बसली. द्राक्षाला दहा दिवस म्हणजे काय, ते बागायतदाराला सांगायला नको.

ठरवण्याआधी विचारावयाचे प्रश्न

ज्यांना माल पाठवायचा आहे त्यांनी फॉरवर्डरला हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

१. कस्टमचा परवाना तुमचा आहे की दुसऱ्याकडून काम करून घेता?
२. दरात काय काय धरले आहे? गाडीभाडे, बंदराचा खर्च, कागदांचा खर्च, जहाजभाडे वेगवेगळे लिहून द्या.
३. मोफत दिवस किती, त्यानंतर रोजचे किती?
४. या जहाजासाठी फाटकाची आणि कागदांची शेवटची वेळ कोणती?
५. आमच्याकडून कोणते कागद कोणत्या तारखेला हवेत? एडी कोड नोंदला आहे का, ते तपासले का?
६. बिल ऑफ लेडिंग जहाज कंपनीचे मिळणार की तुमचे? माल बिघडला तर जबाबदारी कोणाची?
७. विमा कुठपासून कुठपर्यंत?

सात प्रश्नांची उत्तरे न अडखळता मिळाली तर माणूस कामाचा. "ते बघून घेऊ" असे उत्तर आले तर दुसरा बघावा. हे उत्तर मी एकदा दुसऱ्यांना दिले आहे, त्याची किंमत मला माहीत आहे.

शेवटी एवढेच. एकट्या शेतकऱ्याचा कंटेनर भरत नाही अन् भरला तरी त्याला कोणी विचारत नाही. १९९१ साली द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्था 'महाग्रेप्स' म्हणून एकत्र आल्या, त्या याच गरजेतून. सहकार आपल्याला नवा नाही. ऊस एकत्र आणून आपण कारखाना चालवतो, तसे माल आणि कागद एकत्र आणून बंदरही गाठता येईल. ज्या गटांना येत्या हंगामात कांदा किंवा आले पाठवायचे आहे, त्यांनी माल भरण्याच्या निदान एक महिना आधी शेतकी ऑफिसात यावे. आपण आधी कागदांची यादी करू, गाडी त्यानंतर ठरवू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग